वळणावर भार कुठे जातो: स्वे बार, ब्रेस आणि स्पोर्ट्स कार

वेगाने वळण घेणारी मोटार वळणाच्या बाहेरच्या अंगाला झुकते. हे झुकणे आटोक्यात ठेवण्यासाठी गाडीच्या खाली आडवी बसवलेली पोलादी कांब म्हणजे स्वे बार, ज्याला अँटी-रोल बार किंवा स्टॅबिलायझर बार असेही म्हणतात; आणि गाडीचा सांगाडा पिळवटू नये म्हणून त्याची दोन ठिकाणे एकमेकांशी जखडून ठेवणारा दांडा म्हणजे ब्रेस. स्पोर्ट्स कारचे हौशी मालक इंजिनाला हात लावण्याआधी बहुधा या दोन भागांकडे वळतात, कारण ते तुलनेने स्वस्त असतात, बोल्टांनी बसतात आणि त्यांचा परिणाम पहिल्याच वळणावर जाणवतो. तथापि जाड स्वे बार बसवला की टायरांची पकड वाढते, हा जो सर्वसाधारण समज आहे, तो मुळातून तपासण्यासारखा आहे. स्वे बार पकड निर्माण करत नाही; वळणावर भाराची वाटणी चार टायरांमध्ये कशी व्हावी एवढेच तो ठरवतो, आणि ती वाटणी सांगाड्यात वाया न जाता पुढच्या चाकांपासून मागच्या चाकांपर्यंत पोचावी, यासाठी ब्रेस असतो. हे दोन भाग एकत्र विकले जातात आणि एकत्रच चर्चिले जातात, यामागचे खरे कारण हेच आहे.

उदाहरणादाखल जपानच्या माझदा कंपनीची एमएक्स-5 ही गाडी घेणे सोयीचे आहे. फेब्रुवारी 1989 मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात सादर झालेली, अमेरिकेत मियाटा आणि जपानात सुरुवातीला युनोस रोडस्टर या नावाने विकली गेलेली ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी हजार किलोंच्या आतबाहेर वजनाची होती. तिचे 1.6 लिटरचे इंजिन पुढे होते, ते मागची चाके फिरवत असे, आणि चारही चाकांना डबल विशबोन पद्धतीचे, म्हणजे वरखाली दोन त्रिकोणी भुजांनी चाक तोलून धरणारे सस्पेन्शन होते. शर्यतींपासून रविवारच्या भटकंतीपर्यंत सर्व तऱ्हेच्या चालकांनी गेली तीसहून अधिक वर्षे या गाडीवर स्वे बार आणि ब्रेस बसवून पाहिले असल्यामुळे, या बदलांनी काय साधते आणि काय साधत नाही, हे तिच्या बाबतीत इतर बहुतेक गाड्यांपेक्षा अधिक स्पष्टपणे कळलेले आहे.

स्वे बारची रचना वरकरणी अगदी साधी असते. स्प्रिंगच्या जातीच्या पोलादाची एक लांब कांब गाडीच्या रुंदीभर आडवी जाते आणि दोन्ही टोकांना काटकोनाच्या आसपास वळून तिचे दोन हात तयार होतात. मधला आडवा भाग दोन रबरी बुशांमध्ये धरून ब्रॅकेटांनी सांगाड्याला किंवा सबफ्रेमला, म्हणजे सस्पेन्शन ज्यावर बसते त्या पोटचौकटीला, बांधलेला असतो, आणि प्रत्येक हाताचे टोक एका आखूड दुव्याने त्या बाजूच्या चाकाच्या भुजेला जोडलेले असते. आपल्याकडच्या गॅरेजमध्ये ज्याला लिंक रॉड म्हणतात, तो हाच दुवा. त्याचे सांधे झिजले की खड्ड्यातून जाताना पुढच्या चाकापाशी खडखड ऐकू येते. दोन्ही चाके एकाच वेळी सारखीच वर उचलली गेली, तर दोन्ही हात बरोबरच वर जातात, कांब बुशांमध्ये नुसती फिरते आणि कोणताही विरोध करत नाही. परंतु वळणावर बाहेरचे चाक वर दबते आणि आतले खाली लोंबते, तेव्हा दोन हात विरुद्ध दिशांना जातात आणि मधल्या कांबेला पीळ पडतो. हा पीळ उलगडू पाहणारी कांब बाहेरचे चाक खाली दाबते आणि आतले चाक वर ओढते, आणि त्या प्रमाणात गाडीचे झुकणे कमी होते.

यात आतले चाक वर ओढले जाते, ही बाब सहसा दुर्लक्षित राहते. वळणावर एकूण किती भार आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतो, हे गाडीचे वजन, तिच्या गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर आणि वळणाची तीव्रता या चार गोष्टींवर जवळजवळ पूर्णपणे अवलंबून असते. गाडी हजार किलोची आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून 45 सेंटिमीटरवर आहे, चाकांमधले अंतर 140 सेंटिमीटर आहे आणि वळणावरचा आडवा जोर गाडीच्या वजनाच्या आठ-दशांश आहे, असे समजले, तर साधारण 257 किलो भार आतून बाहेर सरकतो, मग स्वे बार पेन्सिलीएवढा असो वा मनगटाएवढा. जाड बारामुळे गाडी कमी झुकते, त्यामुळे चालकाला ती अधिक घट्ट बसल्यासारखी वाटते, पण सरकणारा भार नाममात्रच बदलतो. बदलते ते एवढेच की या 257 किलोंपैकी किती पुढच्या जोडीत सरकावेत आणि किती मागच्या जोडीत.

ही वाटणी महत्त्वाची ठरते ती टायरच्या एका गुणधर्मामुळे. टायरवर भार वाढला की त्याची पकड वाढते, परंतु भाराच्या प्रमाणात वाढत नाही. भार दुप्पट केला तर पकड दुपटीपेक्षा कमीच वाढते. समजा, एका जोडीतल्या दोन्ही टायरांवर 250-250 किलो भार आहे आणि त्या भाराला टायर आपल्या भाराएवढीच पकड देतो, तर दोघांची मिळून 500 किलोंची पकड होते. पण तोच भार 400 आणि 100 असा विभागला गेला आणि जड झालेल्या टायरचे पकडीचे प्रमाण 0.92 वर उतरले, हलक्याचे 1.08 वर चढले, तर बेरीज 368 अधिक 108, म्हणजे 476 एवढीच भरते. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले असले, तरी दिशा हीच असते: ज्या जोडीत भाराची तफावत अधिक, त्या जोडीची एकूण पकड कमी. पुढचा स्वे बार जाड केला की तफावतीचा मोठा वाटा पुढच्या जोडीवर येतो, पुढची पकड आधी संपते आणि स्टिअरिंग वळवूनही गाडी वळणाच्या बाहेर सरळ घसरू पाहते, ज्याला अंडरस्टिअर म्हणतात. मागचा बार जाड केला की उलट मागचे टोक बाहेर सुटू पाहते, ज्याला ओव्हरस्टिअर म्हणतात. म्हणूनच स्वे बार बदलताना जाडीपेक्षा आधी, पुढचा की मागचा, हा प्रश्न सोडवावा लागतो. अमेरिकेतील स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका या संस्थेच्या ऑटोक्रॉस स्पर्धांमध्ये, म्हणजे मोकळ्या पटांगणावर शंकू मांडून घेतल्या जाणाऱ्या वेळेच्या शर्यतींत, रस्त्यावरच्या गाड्यांच्या वर्गात पुढचा किंवा मागचा यांपैकी एकच बार बदलण्याची मुभा असते. एकच बार बदलला तरी गाडीचा तोल लक्षणीय फिरतो, हे यातून दिसते.

तफावतीने पकड कमीच होत असेल, तर स्वे बार हवाच कशाला, अशी शंका येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर टायरच्या रस्त्याशी असणाऱ्या कोनात आहे. गाडी झुकली की चाकेही तिच्याबरोबर झुकतात आणि बाहेरचा टायर आपल्या कडेवर उभा राहू लागतो. झुकणे रोखले, तर टायरची सपाट पाठ रस्त्याला टेकून राहते आणि तफावतीने गमावलेले बरेचसे परत मिळते. ज्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅक्फर्सन स्ट्रट असतो, म्हणजे स्प्रिंग आणि शॉक ॲब्सॉर्बर यांचा एकच उभा खांब चाकाला तोलून धरतो, त्यांच्यात हा कोन झुकण्याबरोबर फार बिघडतो. त्यामुळे अशा गाड्यांत पुढचा बार जाड केल्यावर, वर सांगितलेल्या नियमाच्या विरुद्ध, अंडरस्टिअर कमी झाल्याचाही अनुभव येतो. डबल विशबोनमध्ये भुजांची रचनाच कोन सांभाळून घेते, म्हणून एमएक्स-5सारख्या गाडीत हा लाभ त्यामानाने कमी असतो. दुसरा लाभ वेळेचा आहे: एका वळणातून लगेच उलट्या वळणात शिरताना गाडीला एका बाजूच्या झुकण्यातून दुसऱ्या बाजूच्या झुकण्यात जावे लागते, आणि हा प्रवास जितका छोटा, तितकी ती लवकर स्थिरावते. तिसरा लाभ असा की झुकणे रोखण्याचे काम बाराने उचलले की स्प्रिंगा त्यामानाने नरम ठेवता येतात, आणि दोन्ही चाकांखाली एकदम येणारा उंचवटा अंगावर येत नाही.

भाराच्या वाटणीकडे दुर्लक्ष केल्यास काय घडू शकते, याचे मोटारींच्या इतिहासातील सर्वांत गाजलेले उदाहरण शेव्हरोले कंपनीच्या कॉरव्हेअर या गाडीचे आहे. 1960 च्या या गाडीचे इंजिन मागे होते, त्यामुळे बहुतांश वजन मागच्या चाकांवर पडत असे, आणि मागे स्विंग ॲक्सल, म्हणजे एकाच सांध्यावर वरखाली होणारा अर्धा आस होता, ज्यामुळे टोकाच्या वळणावर मागचे चाक आत मुडपण्याचा संभव असे. अशा गाडीत पुढच्या बाजूला जाड स्वे बार देऊन तफावतीचा वाटा पुढे खेचणे हा सरळ उपाय होता. परंतु सुरुवातीच्या गाड्यांत पुढचा बार दिलेलाच नव्हता, आणि तोल साधण्यासाठी पुढच्या टायरांत 15 पौंड व मागच्यांत 26 पौंड हवा ठेवावी अशी शिफारस होती. टायरांत सगळीकडे सारखी हवा भरण्याची सवय असलेल्या सर्वसामान्य मालकाच्या हाती गाडीची स्थिरता सोपवण्याचा हा निर्णय कोणत्याही दृष्टीने समर्थनीय वाटत नाही. 1964 च्या गाड्यांना पुढचा बार आणि मागे एक आडवी पाटा-स्प्रिंग मिळाली. रॅल्फ नेडर यांच्या 1965 मधील ‘अनसेफ ॲट एनी स्पीड’ या ग्रंथाचे पहिले प्रकरण याच गाडीवर आहे. पुढे 1972 मध्ये अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने 1960 ते 1963 च्या कॉरव्हेअर त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा अधिक धोकादायक नव्हत्या असा निष्कर्ष काढला, हेही नोंदवले पाहिजे. पण ती गाडी कोणत्या दिशेने सुधारायची होती, याबद्दल कंपनीच्या अभियंत्यांनी 1964 मध्येच उत्तर देऊन टाकले होते.

बाराच्या जाडीचे गणित फसवे असते, कारण पीळ सोसण्याचा कांबेचा ताठपणा तिच्या व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिलिमीटरची कांब काढून 22 ची बसवली, तर डोळ्यांना फरक जेमतेम दिसतो, परंतु ताठपणा 46 टक्क्यांनी वाढतो; 24 ची बसवली, तर तो दुपटीहून थोडा अधिक होतो. याच नियमाचा दुसरा फायदा पोकळ बारांना मिळतो, कारण कांबेच्या गाभ्यातले पोलाद पीळ सोसण्याच्या कामात फारसा भाग घेत नाही. 25 मिलिमीटरच्या कांबेतून 15 मिलिमीटरचा गाभा काढून टाकला, तर वजन 36 टक्क्यांनी घटते आणि ताठपणा मात्र 13 टक्क्यांनीच कमी होतो. बदलून बसवण्याच्या बहुतेक बारांच्या हातांवर एकापुढे एक दोन-तीन छिद्रे असतात. लिंक आतल्या छिद्राला जोडली की तरफेचा हात आखूड होतो आणि ताठपणा हाताच्या लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो, म्हणजे 250 मिलिमीटरचा हात 225 चा केला तर सुमारे 23 टक्क्यांनी. ही छिद्रे हाच बदलत्या बाराचा खरा उपयोग आहे. दुकानातून सर्वांत जाड बार आणणाऱ्यापेक्षा मध्यम बार आणून छिद्रे बदलत गाडी समजून घेणाऱ्याच्या पदरात अधिक पडते.

ताठपणाची किंमतही मोजावी लागते. एका चाकाखाली आलेला खड्डा जाड बारामुळे दुसऱ्या बाजूलाही पोचतो, त्यामुळे ओबडधोबड रस्त्यावर गाडी डावीउजवीकडे डोलत राहते आणि चालकाची मान दुखू लागते. बाराला स्वतःची ऊर्जा शोषण्याची शक्ती जवळजवळ नसते. त्याने वाढवलेली उसळी शेवटी शॉक ॲब्सॉर्बरलाच जिरवावी लागते, आणि ते जुने असतील तर ती जिरत नाही. मागच्या चाकांनी चालणाऱ्या गाडीत मागचा बार अति जाड झाला, तर वळणातून बाहेर पडताना आतले मागचे चाक इतके हलके होते की इंजिनाचा जोर दोन चाकांत वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलमधून सगळा जोर त्याच चाकातून वाया जातो आणि ते जागच्या जागी फिरत राहते. पुढच्या चाकांनी चालणाऱ्या छोट्या गाड्यांचा प्रश्न निराळा असतो: भारतात सर्वत्र दिसणाऱ्या बहुतेक हॅचबॅक गाड्यांना मागे ट्विस्ट बीम, म्हणजे दोन्ही मागच्या चाकांना जोडणारी पिळता येणारी आडवी तुळई असते, आणि ती स्वतःच स्वे बाराचे काम काही प्रमाणात करत असते.

इथवर एक गोष्ट गृहीत धरली होती, ती म्हणजे गाडीचा सांगाडा ताठ आहे. पुढच्या बाराने वाटणीचा मोठा हिस्सा पुढे घ्यायचा, तर पुढच्या आणि मागच्या सस्पेन्शनमधला दुवा असलेला सांगाडा तो पीळ सोसून पुढे पोचवू शकला पाहिजे. सांधे ढिले झालेली बाज उंचसखल अंगणातही चारही खुरांवर निवांत टेकते, कारण तिची चौकटच पिळून जमिनीचा आकार घेते, तर घट्ट सांध्यांची बाज तीन खुरांवर उभी राहते आणि चौथ्यावर किती भार द्यायचा हे तिच्यावर बसणाऱ्याला ठरवता येते. गाडीचेही तसेच आहे. सांगाडा नरम असेल, तर तो स्वतःच एक न मोजलेली, न ठरवलेली स्प्रिंग बनतो आणि बाराने केलेल्या वाटणीचा काही भाग त्याच्या पिळात विरून जातो. बंद टपाच्या गाडीत छप्पर, खिडक्यांचे खांब आणि काचा मिळून सांगाड्याची बंद पेटी होते; टप काढला की ती पेटी उघडी पडते आणि ताठपणा मोठ्या प्रमाणावर घटतो. उघड्या गाड्यांमध्ये खड्ड्यावरून जाताना समोरची काच आणि डॅशबोर्ड थरथरताना दिसतात, ते याच कारणाने.

एमएक्स-5 च्या निर्मात्यांना याची जाणीव होती. गिअरबॉक्स आणि मागचे डिफरन्शियल यांना थेट जोडणारी ॲल्युमिनियमची एक लांब चौकट त्यांनी सुरुवातीपासूनच दिली होती, आणि 1994 मध्ये 1.8 लिटरचे इंजिन आले तेव्हा आसनांमागे सीटबेल्टचे दोन खांब जोडणारा आडवा ब्रेस व पुढच्या-मागच्या सबफ्रेमसाठी जादा आधार घातले. बाहेरून बसवण्याच्या ब्रेसपैकी सर्वांत लोकप्रिय असतो तो बॉनेट उघडल्यावर चमकताना दिसणारा स्ट्रट ब्रेस, जो दोन्ही बाजूंच्या शॉक ॲब्सॉर्बरची वरची टोके एकमेकांशी जोडतो. मॅक्फर्सन स्ट्रटच्या गाडीत वळणावरचा आडवा जोर खरोखरच या टोकांवर येतो, त्यामुळे तिथे त्याचा अर्थ आहे. एमएक्स-5 मध्ये मात्र वरची भुजा सबफ्रेमला जोडलेली असल्यामुळे ही टोके मुख्यतः उभाच भार सोसतात, आणि तोच खर्च गाडीच्या पोटाखालच्या लांब पट्ट्यांना ताठ करणाऱ्या आधारांवर किंवा आसनांमागच्या रोल बारवर, म्हणजे गाडी उलटल्यास डोके वाचवणाऱ्या कमानीवर, केला तर अधिक सत्कारणी लागतो. ब्रेस निवडताना त्याचा आकार नीट पाहावा लागतो. सरळ दांडा ताण आणि दाब दोन्ही सोसतो, पण इंजिनला वळसा घालण्यासाठी कमानीसारखा वाकवलेला दांडा त्याच ताणाखाली वाकू लागतो; शिवाय दोन्ही टोकांना बिजागरीसारखे सांधे असलेला ब्रेस दोन टोकांमधले अंतर तेवढे राखतो, त्यांचे कलणे थांबवू शकत नाही.

याच गाडीच्या चौथ्या पिढीत घडलेला प्रकार या विषयातील अनेक समजुतींना धक्का देणारा आहे. जपानी बाजारातील तिच्या सर्वांत साध्या ‘एस’ श्रेणीला मागचा स्वे बारच नाही, आणि डिसेंबर 2021 मध्ये जाहीर झालेली, अभिमानाने 990 किलो वजन मिरवणारी 990एस ही खास आवृत्ती याच श्रेणीवर बेतलेली होती. त्याच सुमारास माझदाने आणलेल्या कायनेमॅटिक पोश्चर कंट्रोल या प्रणालीत, वेगवान वळणावर आतल्या मागच्या चाकाला अत्यंत हलका ब्रेक लावला जातो. ब्रेक लागल्यावर मागच्या भागाला खाली ओढणारी सस्पेन्शनची मूळचीच भूमिती गाडीचे मागचे टोक दाबून धरते, आणि एकही जादा भाग न बसवता झुकणे व वर उचलणे दोन्ही आवरले जाते. मॅक्लॅरनने 2011 च्या एमपी4-12सी या गाडीत तर नेहमीचे स्वे बार पूर्णपणे वगळून चारही शॉक ॲब्सॉर्बर तेलाच्या नळ्यांनी एकमेकांशी जोडले होते. झुकणे हा दोष मानून तो शून्यावर आणण्याचा अट्टहास करण्यापेक्षा, ते किती असावे आणि कुठे असावे हे ठरवण्याकडे चांगल्या अभियंत्यांचा कल राहिला आहे, आणि तो योग्यच आहे.

प्रत्यक्ष बदल करताना क्रम पाळणे हिताचे असते. टायर झिजलेले असतील, बुश फुटलेले असतील किंवा चाकांचे अलाइनमेंट बिघडलेले असेल, तर जाड बार त्या दोषांवर पांघरूण घालतो आणि पुढे ते अधिक महागात पडतात. बाराच्या रबरी बुशांऐवजी पॉलियुरेथेनचे बुश घातले, तर पीळ पडताना वाया जाणारी हालचाल कमी होते, पण त्यांना योग्य ग्रीस लावले नाही तर ते करकरत राहतात. लांबी बदलता येणाऱ्या लिंका बसवल्या असतील, तर त्या गाडी चारही चाकांवर उभी असताना आणि चालकाच्या जागी त्याच्या वजनाएवढा भार ठेवून जुळवाव्या लागतात. एरवी सरळ रस्त्यावरच बाराला पीळ पडून राहतो आणि डाव्या व उजव्या वळणांत गाडी वेगवेगळी वागते. मूळच्यापेक्षा बऱ्याच जाड बारामुळे मधल्या ब्रॅकेटांवर येणारा जोरही वाढतो, आणि पातळ पत्र्याला जोडलेली ब्रॅकेटे वाकल्याची किंवा फाटल्याची उदाहरणे घडत असतात, म्हणून तिथे मजबुतीची पट्टी आधीच घालून घेणे शहाणपणाचे ठरते. एका वेळी एकच गोष्ट बदलून, त्याच रस्त्यावर, तेवढीच हवा टायरांत भरून पाहणी केली, तरच कोणत्या बदलाने काय साधले हे कळते. ओल्या रस्त्यावर आडवा जोर मुळातच कमी होतो आणि ताठ मागचा बार गाडीचे मागचे टोक अकस्मात सुटण्याचा धोका वाढवतो. म्हणून पाऊस पडू लागला की शर्यतींतील अनेक चमू मागच्या बाराच्या लिंका बाहेरच्या छिद्रात आणतात किंवा एक लिंक सरळ सोडून ठेवतात, आणि रस्ता कोरडा झाल्यावर ती पुन्हा जोडतात.